भिंगरीचं उणं

“काल त्या पंपाच्या कंपनीतून फोन आला होता,” काका चहात बिस्किट बुडवत म्हणाले. “भिंगरीची चौकशी करत होते. बाई मोठी सज्जन वाटली. घाई नाही, गडबड नाही. मग मीही सगळं नीट सांगितलं.”

बोलण्याच्या नादात बिस्किट तुटून कपात पडलं. ते चमच्याने काढण्यात काका गुंतले, त्यामुळे टेबलाभोवतीचे तीन चेहरे कसे झालेत ते त्यांना दिसलंच नाही.

“नीट म्हणजे काय सांगितलंत भाऊजी?” आईने विचारलं.

“म्हणजे आपण सांगतो तसंच. उणं सांगितलं.”

आत्याने कप खाली ठेवला. कालच दाढ काढल्यामुळे तिचा एक गाल सुजला होता आणि बोलताना दुखत होतं, नाहीतर त्या क्षणी काकांची खैर नव्हती.

उणं सांगणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला खरं वाटायचं नाही. या घराच्या खालच्या मजल्यावर पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे आणि ते आजोबांनी काढलं. दुरुस्त झालेला पंप गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना त्यावर हात ठेवायचा आणि आधी त्याचं उणं सांगायचं, हा आजोबांचा नेम. बेअरिंग नवीन घातलंय, पण शाफ्टला झीज आहे, उन्हाळ्यात कुरकुर करेल. केसिंगला आतून खड्डे पडलेत, गढूळ पाणी ओढलंत तर फार दिवस काढणार नाही. एवढंच बोलायचं. चांगलं एक अक्षर काढायचं नाही. पंप चांगला आहे हे गिऱ्हाइकाला चालवल्यावर कळतंच की, त्यासाठी आपली जीभ कशाला, असं आजोबा म्हणायचे. आजोबा गेले, नेम राहिला. नवीन गिऱ्हाइकं बिचकायची आणि जुनी दुसरीकडे कुठे जायची नाहीत.

पण हा नेम पंपांसाठी होता. घरच्या पोरीसाठी तो कोणी लावेल हे आजोबांच्याही डोक्यात आलं नसतं.

“त्यांनी विचारलं नाही का, तिच्यात चांगलं काय आहे म्हणून?” बाबांनी अगदी हळू विचारलं. बाबा हळू बोलायला लागले की समजावं, काही खरं नाही.

“विचारलं ना. मी म्हटलं, ते तुम्हाला दिसेलच.”

बाबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“मी एक दिवस दात काढायला काय गेले,” आत्या सुजलेल्या गालातून म्हणाली, “तेवढ्यात यानं फोन उचलला. एरवी तो वाजून वाजून थकतो तरी हा ढुंकून बघत नाही.”

आत्या दोघा भावांहून थोरली. वर्कशॉपचा फोन, बिलं आणि भांडणं तिच्याकडे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ती त्याला शाळेतल्या मुलासारखी बोलायची. काल फोनवर ती असती तर भिंगरी म्हणजे काय चीज आहे हे तिने असं काही रंगवलं असतं, की त्या बाईंनी विमानाचं तिकीट त्याच संध्याकाळी पाठवलं असतं.

“काय काय सांगितलंस ते तरी कळू दे,” आत्या म्हणाली.

काकांना अजूनही काही चुकलंय असं वाटत नव्हतं. “जे आहे ते. चालता पंपसुद्धा उघडून बघायची खोड आहे. काम वेळेत होत नाही, कारण एकदा जुळवलेलं तिला पटत नाही, पुन्हा सोडून जुळवते. गिऱ्हाइकाला तोंडावर बोलते. त्या लॉन्ड्रीवाल्याला म्हणाली होती ना, पंप मेला नाही, तुम्ही मारलात.”

“ते मात्र खरंच होतं,” आत्याच्या तोंडून निघून गेलं.

“एकदा मोटर जोडायचं कपलिंग मोडलं, ते सांगितलं. आणि मुख्य म्हणजे अडली की विचारत नाही. गप्प बसते. हे त्या बाईंनी लिहूनसुद्धा घेतलं.”

“लिहून घेतलं,” आई म्हणाली.

भिंगरी या वेळी घरात नव्हती. सुट्टी असूनही ती त्या परदेशी कंपनीच्या देशातली भाषा शिकायला क्लासला गेली होती, कारण आज दुपारी कंपनीबरोबर तिची शेवटची मुलाखत होती. सुट्टी इथली होती, तिथे कामाचा दिवस होता. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती ती. वर्गातली पोरं नावाजलेल्या कंपन्यांच्या रांगेत उभी राहिली तेव्हा हिने उलटंच केलं. जगात चांगले पंप कुठे कुठे बनतात ते शोधलं आणि थेट त्या कारखान्यांना लिहायला बसली. कॉलेजमधून बाहेर पडून परदेशी गेलेल्यांना गाठून, तिथे नव्या माणसाला काय काम देतात ते विचारलं. बायोडेटा इतक्या वेळा बदलला की आई म्हणाली, आता यात तू कुठे राहिलीस? बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. या एका कारखान्याने दिलं. हिने उघडलेल्या पंपांचे फोटो पाठवले होते आणि प्रत्येकाखाली तो का बिघडला ते लिहिलं होतं, ते तिथल्या कोणाला तरी आवडलं. टेस्टिंग विभागात दोन वर्षं शिकाऊ इंजिनियर म्हणून घेणार होते. फक्त दोघांचा शब्द हवा होता. एक कॉलेजमधले सर आणि एक असा माणूस, ज्याच्या हाताखाली तिने हातांनी काम केलंय.

बाबांनी आपल्या ऑफिसमधल्या साहेबांचं नाव सुचवलं होतं. भिंगरी म्हणाली होती, “साहेबांनी मला फक्त एका लग्नात जेवताना बघितलंय.” आणि काकांचं नाव देऊन मोकळी झाली.

“दादा, तू असा का बघतोयस?” काकांनी विचारलं.

“कसा बघू?” बाबा उठून उभे राहिले. “पोरगी वर्षभर धडपडतेय. सकाळी उठून क्लास, मग कॉलेज, मग खाली तुझ्या वर्कशॉपमध्ये. आणि तू तिच्या पायाखालची फळी काढून घेतलीस. वर बिस्किट खातोयस.”

“मी खोटं काय बोललो?”

“खोटं नाही बोललास. तुझं बरोबरच असतं रे. पण मला एक सांग, त्यांनी तिला नाही म्हटलं तर ती कुठे राहील?”

काकांनी चमचा खाली ठेवला.

“इथेच ना? तुझ्याच बाकावर. तुला ती जायलाच नको आहे. म्हणून तू हे केलंस.”

आत्याने आधी काकांकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि आतापर्यंत जे काकांच्या अंगावर जाणार होतं ते सगळं तिने बाबांकडे वळवलं.

“बस झालं. वर्कशॉप सोडून पंप विकायला ऑफिसात गेलास तेव्हा तुला कोणी अडवलं नव्हतं. हा एकटा राहिला खाली. तुझी लेक चालायला लागल्यापासून याच्या खोक्यावर बसून वाढली, याने तिला भिंगरी नाव ठेवलं, ते आपण सगळ्यांनी उचललं. आणि आता म्हणे, मुद्दाम केलं.”

“अक्का, तू यात पडू नकोस.”

“मी नाही पडायचं तर काय शेजाऱ्यांनी पडायचं?”

काकांनी कप उचलून मोरीत ठेवला, विसळला, जागेवर पालथा घातला आणि जिना उतरून खाली गेले. भांडणातून उठून जाताना कप विसळणारा माणूस आईने दुसरा पाहिला नव्हता. तिला त्याचाही राग आला.

ती शाळेत शिकवायची. मुलांच्या चुका दुरुस्त करायच्या आणि वेळेत करायच्या, ही तिची सवय. भाऊजींनी जे बिघडवलं ते भाऊजींकडूनच दुरुस्त करून घ्यायचं, एवढं ठरवून ती त्यांच्या मागोमाग खाली उतरली.

वर्कशॉपचं शटर अर्धं ओढलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती जागा मोठी वाटायची. भिंतीला टेकून गिऱ्हाइकांचे पंप ओळीने उभे, मधे चाचणीची पाण्याची टाकी, बाकावर फडक्यावर मांडलेले एका पंपाचे भाग, आणि सगळीकडे ग्रीसचा वास. काका शाफ्टवर चढवायची नळी, म्हणजे स्लीव्ह, पॉलिश पेपरने घासत होते. ती आधीच आरशासारखी चकचकीत होती.

“भाऊजी, त्यांना फोन लावा,” आई म्हणाली. “आत्ता. म्हणावं, काल सांगायचं राहून गेलं, मुलगी फार गुणी आहे.”

“लावतो.” काकांनी हात पुसले, फोन घेतला, आणि तसेच उभे राहिले. “नेमकं काय म्हणू?”

“मी सांगते. माझ्यामागे म्हणा. ती हुशार आहे.”

“ती हुशार आहे. म्हणजे आहेच, पण...”

“पण नाही म्हणायचं.”

“बरं.”

“ती मेहनती आहे.”

“मेहनती आहे. फक्त तिचं काय होतं...”

“भाऊजी.”

“वहिनी, माझ्या तोंडात ते बसत नाही हो.”

“बसवा. ती कामाला फार चांगली आहे.”

काकांनी मोठा श्वास घेतला. कपाळावर घाम आला होता. “बरी आहे,” ते म्हणाले.

आईला भांडायचं होतं, अगदी मनापासून भांडायचं होतं, पण तिला हसूच आलं. ती लोखंडी स्टुलावर बसली आणि काका फोन खाली ठेवून तिच्यासमोर पाण्याच्या टाकीच्या कठड्याला टेकले.

“दादा म्हणाला ते खरं आहे का, हे मला माहीत नाही,” ते म्हणाले. “फोनवर बोलताना वाटलं, आपण रीतीने बोलतोय. वडील बोलले असते तसंच. पण फोन ठेवला आणि मला एकदम हलकं वाटलं. रात्री झोपही छान लागली. आता दादा बोलला तेव्हापासून विचार करतोय, ते हलकं कशामुळे वाटलं असेल?”

आईने स्टूल जरा पुढे ओढलं. दुसरं कोणी असतं तर म्हणाली असती, म्हणजे तुम्ही मुद्दामच केलंत. या माणसाला ती ते म्हणू शकत नव्हती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून त्याने तिला एकही लबाड शब्द सांगितला नव्हता, आणि आत्ताही सांगत नव्हता.

“अडली की गप्प बसते, म्हणालात,” तिने विचारलं. “हे तुम्ही कधी बघितलंत?”

“खूपदा. मागच्या परीक्षेच्या सुमारास तर एक पंप उघडून दुपारभर त्याच्यासमोर बसून होती. हात लावेना, विचारेना. मी शेजारच्या बाकावर उगीच काहीतरी घासत बसलो. आपण विचारलं की ती म्हणते, जमतंय. म्हणून विचारायचं नाही. नुसतं तिथे असायचं. चहाच्या वेळेला म्हणाली, काका, हे सील उलटं बसतंय का?”

“मला तर म्हणाली होती, आज काम जास्त होतं.”

“हो, तुम्हाला तसंच सांगणार ती.”

आईला ते लागलं. पोटच्या पोरीचं असं काही आपल्याला माहीत नाही आणि यांना माहीत आहे, याचं वाईट वाटलं, आणि कोणाला तरी माहीत आहे याचं बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं.

“कोणाचं सील उलटं?”

शटरखालून वाकून भिंगरी आत आली होती, खांद्याला दप्तर, केस वाऱ्याने विस्कटलेले. दोघांचे चेहरे बघून ती तिथेच थांबली.

लपवण्यात अर्थ नव्हता. काकांनीच सगळं सांगितलं, फोनवर जसं सांगितलं असेल तसंच, एकेक करून. भिंगरी अवजारांच्या खोक्यावर बसून ऐकत राहिली. मधे तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

“कपलिंगचंही सांगितलंस?”

“सांगितलं.”

“ते मी नाही मोडलं. तू मोडलंस. मी पाना धरला होता फक्त.”

काका विचारात पडले. “हो की,” ते म्हणाले. “मग ते मला त्यांना कळवायला हवं.”

“काही कळवू नकोस,” भिंगरी म्हणाली आणि जिन्याकडे गेली. तिला रडायला येत होतं आणि मुलाखतीच्या आधी रडायचं नव्हतं.

वर बाबा तिची वाटच बघत होते. त्यांनी तिच्या खोलीतलं टेबल पुसून ठेवलं होतं, खिडकीचा पडदा उजेड चेहऱ्यावर येईल असा सरकवला होता, पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता.

“ऐक,” ते म्हणाले. “अजून काही बिघडलेलं नाही. त्यांनी विषय काढला तर सांगायचं, काकांचं वय झालंय, इंग्रजी मॅन्युअल वाचून शिकलेले आहेत, त्यांना म्हणायचं होतं एक आणि बोलले भलतंच. बस. यात कोणाचं नुकसान नाही.”

“काका चांगलं इंग्रजी बोलतो.”

“हे तुला माहीत, मला माहीत. त्यांना कुठे माहीत आहे?” बाबांनी तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं. “अगं, मी आयुष्यभर असल्या कारखान्यांची माहितीपत्रकं वाटली. कुठल्या पंपाला काय किंमत, तोंडपाठ. पण जिथे ते बनतात तिथे आत पाऊल टाकलं नाही कधी. तुला दारापर्यंत जाऊन परत यावं लागलं तर मला नाही सहन होणार.”

तिने बाबांकडे बघितलं. ते खोटं बोलायला शिकवत होते, आणि ते किती प्रेमाने शिकवत होते ते तिला दिसत होतं. तिने मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते बाबांना कळलं नाही. तिलाही कळलं नव्हतं. तिने दार लावून घेतलं.

मधेच वाजायला नको म्हणून आत्याने वर्कशॉपच्या फोनची वायर काढून टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन गालाला थंड फडकं लावून बसली. बाबा दारापाशी उभे राहिले. काकांना वर यायचं धैर्य होईना, ते अर्ध्या जिन्यात बसले. त्यांना तसं बसलेलं बघून आईही वर न जाता त्यांच्या शेजारी बसली. तिथून सगळं ऐकू येत होतं.

व्हिडिओ कॉलवर आधी इंग्रजीत इकडचं तिकडचं झालं. मग कामाचं निघालं, दाब, प्रवाह, कंपनं. भिंगरी भराभर उत्तरं देत होती. एक त्या बाई होत्या आणि एक म्हातारे इंजिनियर, फार कमी बोलणारे. काका प्रत्येक उत्तराला मान हलवत होते, एका ठिकाणी हलवली नाही. बाबा वरून खुणेने विचारत होते, कसं चाललंय? आईने काकांच्या मानेकडे बघून हाताने सांगितलं, बरं चाललंय.

मग त्या बाई म्हणाल्या, “तुमच्या काकांशी आम्ही बोललो. त्यांनी तुमच्याबद्दल बरंच सांगितलं. त्यात चांगलं एकही नव्हतं.” त्या सौम्यपणे बोलत होत्या, पण प्रश्न साधा नव्हता. “ते म्हणाले ते खरं आहे का?”

आतून काही आवाज आला नाही.

बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते, सांग, सांग ना. आत अजूनही शांत होतं.

“अडली,” काका कुजबुजले. ते उठायला लागले. “वहिनी, मी आत जातो. मी सांगतो त्यांना, माझंच चुकलं.”

आईने त्यांची बाही धरली. “बसा.”

“ती बोलणार नाही हो. मला माहीत आहे.”

“बसा म्हणते ना. नुसतं तिथे असायचं, तुम्हीच म्हणालात.”

काका बसले. स्वयंपाकघरात आत्याही फडकं हातात धरून दारात येऊन उभी राहिली होती.

“खरं आहे,” भिंगरीचा आवाज आला. “एक कपलिंग सोडलं तर सगळं खरं आहे.” ती जरा थांबली. “मला तुम्हाला एक विचारायचं आहे.”

“विचारा.”

“मी अडले की विचारत नाही. इथे माझे काका शेजारच्या बाकावर बसायचे आणि मी विचारेपर्यंत उठायचे नाहीत. ते कामाचं सोंग करतात हे मला समजायचं, पण मी त्यांना कधी कळू दिलं नाही. तुमच्याकडे मी अडले तर कोणाच्या लक्षात येईल? माझं उणं मला कोण सांगेल? या एकाच गोष्टीची मला भीती वाटते. बाकी कशाची नाही वाटत.”

तिकडे दोघं आपसात काहीतरी बोलले. मग म्हाताऱ्या इंजिनियरांचा आवाज आला, जड आणि सावकाश. टेस्टिंगमध्ये त्यांच्या शेजारचं टेबल बरेच दिवस रिकामं आहे, ते म्हणाले, आणि त्यांना दिवसभर कमी बोललेलं चालतं. उणं सांगायची त्यांची ख्याती आहे, हे वाटल्यास या बाईंना विचारा. बाई हसल्या. त्यानंतर कागदपत्रं, प्रशिक्षण कधी सुरू होतं, राहायची सोय, असं पुढचं बोलणं सुरू झालं, आणि ते ज्या सुरात चाललं होतं त्यावरून तिला घेतलंय हे कोणालाही कळलं असतं.

बाबा दाराशीच भिंतीला टेकून खाली बसले. आत्या त्यांच्यापाशी गेली, त्यांच्या डोक्यावर टपली मारली आणि तिथेच त्यांच्याजवळ बसली. जिन्यात काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. कितीही घासले तरी ग्रीसची काळी रेघ नखांत राहायचीच, ती ते बघत होते.

“जाणार ती,” काका म्हणाले.

“जाणार.”

“दादा बरोबर बोलला, वहिनी. मला ती जायला नको होती.”

आईने त्यांची बाही अजून सोडली नव्हती. भिंगरीला अर्ज करायला मागे लागणारी ती, पहाटे उठवून क्लासला पाठवणारी ती, दर नकारानंतर पुढचा पत्ता शोध म्हणणारीही तीच.

“मलाही नको होती,” ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

“कोणाला सांगू नका,” आई म्हणाली.

“नाही सांगत.”

वर दार उघडल्याचा आवाज झाला. बाबा काहीतरी बोलले, आत्या दाढ विसरून हसली, आणि मग भिंगरीची हाक आली, “आई? काका? कुठे आहात तुम्ही?”

“आलो,” दोघंही एकदम म्हणाले. पण उठायला दोघांनाही जरा वेळ लागला.